लेक अँटिगोनिशला चालली आहे

ताई, मिसिसागात राहून मुलीला टोरांटो-वॉटरलूची विद्यापीठं सोडून कॅनडाच्या पूर्वेकडच्या नोव्हा स्कोशा प्रांतात पाठवायचं म्हटल्यावर मंडळातले लोक भुवया उंचावणारच. तिकडे फार लक्ष देऊ नका.

अँटिगोनिश हे पाच हजारांच्या आत-बाहेर वस्तीचं गाव, पण तिथलं सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठ १८५३ सालचं आहे. विद्यार्थी मुख्यतः पदवीचेच. पीएचडीवाले जवळपास नसल्यामुळे लॅबमध्ये प्राध्यापकाच्या हाताखाली तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलंच काम करतात. पुढे मास्टर्सला अर्ज करताना शिफारसपत्र देणारा माणूस तिला नावानिशी ओळखत असेल, हे रँकिंगपेक्षा मोलाचं.

मला खरी काळजी वाटते ती विषयांची. लहान विभागात प्राध्यापक मोजकेच. एखादा सबॅटिकलवर, म्हणजे संशोधनासाठीच्या लांब रजेवर गेला की त्याचा विषय त्या वर्षी बंद. वरच्या वर्षांचे काही विषय तर वर्षाआडच असतात. विद्यापीठाच्या कॅलेंडरमध्ये (अभ्यासक्रमांच्या यादीत) नाव छापलंय म्हणून विषय दर वर्षी शिकवतात, असं समजू नका. गेल्या दोन-तीन वर्षांची टाइमटेबलं विभागाकडे मागायला सांगा. मेल तिनेच करायचा, तुम्ही नाही!

फी ओंटारिओपेक्षा जास्त पडेल, शिवाय विमानभाडं. ओहिपची, म्हणजे ओंटारिओच्या सरकारी आरोग्य विम्याची, मात्र धास्ती नको: पूर्णवेळ शिक्षणासाठी दुसऱ्या प्रांतात गेलं तरी ते चालू राहतं, फक्त तसं आधी कळवून ठेवा. गावात प्रवासी रेल्वे नाही. हॅलिफॅक्सहून गाडीने दोन-अडीच तास, बसने थोडे जास्त. डिसेंबरचं तिकीट परीक्षेच्या दिवसाला खेटून काढू नका. बर्फाच्या वादळात पेपर पुढे जातात, रस्तेही बंद होतात.

जेवणाचं म्हणाल तर रेसिडेन्समध्ये मील प्लॅन सहसा घ्यावाच लागतो आणि शाकाहारी मुलीला चणे, पास्ता, पिझ्झा यांचा लवकरच कंटाळा येतो. खोलीत कुकर चालायचा नाही, तेव्हा मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि गरम पाणी ओतून होणारे पोहे-उपमा द्या. केटल चालते का, तेवढं विचारून घ्या.

आणि हो, ३ डिसेंबरला, जुन्या गोव्यात झेवियरचं फेस्त असतं त्याच दिवशी, तिथे शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक्स-रिंग, म्हणजे 'X' अक्षराची विद्यापीठाची अंगठी देतात. त्या वर्षी तुम्ही दोघं जाऊन या. गावात हॉटेलं थोडीच आहेत, खोली लवकर धरा.