चाव्याची नोंद नाही, मग कुत्रा घरी आणावा का?

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. घरात सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा आहे. बेळगावच्या एका प्राणी निवारा केंद्रातील तीन-चार वर्षांचा कुत्रा आम्हांला आवडला आहे. तो पूर्वी कोणाला चावला आहे का, हे तेथे कोणालाच सांगता येत नाही. 'इथे तो शांत असतो' एवढेच सांगतात. त्याला आणावे का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : निवाऱ्यातील कित्येक कुत्री घरात उत्तम रुळतात; तरीही घरात लहान मूल असताना हा कुत्रा इतक्यात आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रस्त्यावरून उचललेल्या कुत्र्याच्या चाव्यांची नोंद मुळात कोणी ठेवलेलीच नसते, आणि मालकाने आणून सोडलेला असेल तर खरे कारण कळल्यावर त्याला कोणी नेणार नाही या भीतीने ते दडवलेले असू शकते.

'शांत' या शब्दावरही विसंबू नका. बावरलेला कुत्रा कोपऱ्यात निपचित पडतो, तोंड फिरवतो, पुन्हा पुन्हा ओठ चाटतो, आणि पाहणाऱ्याला तो गरीब वाटतो. काही आठवड्यांनी घर आपले वाटू लागले, की जेवणाच्या थाळीजवळ कोणी गेल्यास, झोपेतून उठवल्यास किंवा मुलाने गळ्याला मिठी मारल्यास तो गुरगुरू शकतो. त्या गुरगुरण्याबद्दल त्याला कधीही मारू नये, कारण ही सूचना देणे त्याने सोडले तर पुढच्या वेळी थेट दात लागतात. उलटपक्षी, निवाऱ्यात थाळीवरून गुरगुरणारी काही कुत्री घरी तसे करत नाहीत, हेही खरे आहे.

म्हणून केंद्राचे दाखल पुस्तक पाहायला मागा. नोंदी कन्नडमध्ये असतील आणि वाचता येत नसतील, तर जाणकाराकडून पूर्ण वाचून घ्या. त्याला कोणी आणले, का आणले, आधी कोणी नेऊन परत केले का, हे विचारा. चावल्याचे कळलेच, तर जखम किती खोल होती आणि चावे किती होते, हेही विचारा. नुसते ओरखडे आणि हिसडे देत घेतलेला खोल चावा यांत फार अंतर आहे.

रेबीजची लस घरी आणण्यापूर्वीच टोचून घ्यावी. मात्र या रोगाचा विषाणू लक्षणांआधी कित्येक आठवडे, कधी महिने शरीरात असू शकतो. तेव्हा लस टोचली म्हणून चावा दुर्लक्षू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तीवर हळद, चुना किंवा तिखट लावू नये, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. दंडात घ्यायच्या लसीचे डोस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असतात (पहिला डोस घेतला तो दिवस ०). रक्त आले असल्यास जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे लागते.

कुत्रा तुमच्या ताब्यात आल्यावर जबाबदारी तुमची असते. पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

तुमचे मन त्याच्यावरच जडले असेल, तर काही आठवडे सासूबाई आणि मुलासह केंद्रात जात राहा, आणि मूल नसलेल्या एखाद्या घरी त्याला आधी तात्पुरते ठेवता येईल का, ते विचारा. गणपतीच्या किंवा शिवजयंतीच्या फटाक्यांच्या आणि ढोल-ताशांच्या दिवसांत त्याला आणू नका. आणल्यावर मधल्या दाराला जाळी बसवून घ्या, आणि मोठे माणूस जवळ नसताना मुलाला त्याच्यासोबत एका खोलीत ठेवू नका.