पाणी किती फुटांवर?

प्रश्न : सांगलीच्या गावभागात आमचं घर. वय ४७. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तळमजला पाण्यात बुडाला, २०२१ मध्ये पुन्हा. आता जुलै लागला की छातीत धडधडतं. दिवसातून तीस-चाळीस वेळा मोबाइलवर कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी बघते. रात्री तीनलाही. नवरा म्हणतो, ‘वेड लागलंय तुला.’ माणसं सुखरूप आहेत, संसार पुन्हा उभा राहिलाय. मग मीच इतकी कमकुवत का?

उत्तर : ताई, २०१९ च्या पुरात मी सांगलीतल्या एका शाळेतल्या छावणीत आठवडाभर बायकांशी बोलत होते. भांडी-कपड्यांचं दुःख त्या सांगायच्या, पण रडू फुटायचं ते गाळाच्या वासाचा विषय निघाला की. शरीर अशा खुणा जपून ठेवतं. आभाळ भरून आलं, पत्र्यावर सर वाजली, की विचार मनात येण्याआधीच काळीज धडधडतं. दोनदा घर बुडालेल्या माणसाला पावसाची धास्ती वाटते, याला मी कमकुवतपणा म्हणणार नाही.

तुम्हाला दमवतंय ते सारखं पातळी बघणं. आकडा बघितला की पाच मिनिटं बरं वाटतं, आणि त्या पाच मिनिटांच्या ओढीनं हात पुन्हा मोबाइलकडे जातो. नदी काही दहा मिनिटांत चढत नाही. कोयनेतून सोडलेलं पाणी पुलापाशी यायलाही बरेच तास लागतात. तेव्हा सकाळी सात, दुपारी एक, रात्री नऊ, एवढंच बघा. इशारा पातळी ४० फूट. पाणी तिच्या जवळ आलं तर दर दोन तासांनी बघा, तेव्हा ते गरजेचंच आहे.

मधल्या वेळेत काळजी उसळेल. तिला वेळ नेमून द्या. थॉमस बोरकोवेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये सहकाऱ्यांबरोबर हा उपाय मांडला : रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास फक्त काळजी करायची, एरवी आली की ‘संध्याकाळी सहाला’ म्हणून हातातल्या कामाकडे वळायचं. पहिले काही दिवस जमणार नाही. तरी सोडू नका.

त्या अर्ध्या तासात एक कागद घ्या. ३० फूट : रेशनकार्ड, घराचे कागद, औषधं प्लास्टिकच्या पिशवीत. ३५ फूट : धान्य, सिलिंडर, मिक्सर वरच्या मजल्यावर. ४० फूट : सासूबाईंना घेऊन विश्रामबागला, किंवा उंचावर जिथं तुमचं हक्काचं माणूस असेल तिथं. धोक्याच्या ४५ फुटांची वाट बघायची नाही. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. रात्री तीनला मन ‘आता काय करू’ विचारतं, तेव्हा उत्तर स्वयंपाकघराच्या दारामागं चिकटवलेलं असू दे.

उन्हाळ्यातही झोप उडत असेल, पुराची स्वप्नं पडत असतील, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

राहिला नवऱ्याचा शब्द. तो लागला, साहजिक आहे. पण गाळ त्यांनीही उपसलाय, आणि पुरुष भीती पुष्कळदा रागातून बोलतात. त्यांना समजवत बसू नका. ती यादी त्यांच्या हस्ताक्षरात लिहून घ्या, आणि ४० च्या ओळीपुढचा फोन नंबरही त्यांनाच लिहू द्या.