मराठी माध्यमातून शिकलोय, आता इंग्रजीत प्रबंध लिहायचाय. औपचारिक शैली कशी आणावी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही खानापूरकडचे, बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात एम.ए. अर्थशास्त्र करताय. विषय आहे वडगाव-खासबागचे यंत्रमाग विणकर, आणि गाइड दर वेळी 'भाषा अकॅडमिक नाही' एवढाच शेरा मारून कागद परत देतात. मी इथेच पदवी कॉलेजात इंग्रजी शिकवतो, असे प्रबंध दरवर्षी वाचायला येतात.

तुमचं इंग्रजी कच्चं आहे म्हणून तो शेरा येतो, असं मला वाटत नाही. आपल्याकडे औपचारिक इंग्रजी म्हटलं की तहसील कचेरीतला अर्ज डोळ्यांसमोर येतो: 'इट इज हंबली सबमिटेड', 'काइंडली डू द नीडफुल'. मग पोरं तोच सूर प्रबंधात लावतात, वर शब्दकोशातून जड शब्द शोधून पेरतात. संशोधनातली औपचारिकता वेगळी. तिथे प्रत्येक विधानाचा हिशेब द्यायचा असतो: हे कोण म्हणतं, किती जण म्हणतात, कधीचं आहे, आणि मला स्वतःला त्याची कितपत खात्री आहे.

तुमच्याच विषयावरचं एक नेहमी दिसणारं वाक्य घेऊ. 'नाऊअडेज अ लॉट ऑफ वीव्हर्स आर लीव्हिंग धिस बिझनेस बिकॉज ऑफ जीएसटी, अँड देअर कंडिशन इज व्हेरी बॅड.' व्याकरणाला नाव ठेवायला जागा नाही. पण 'नाऊअडेज' म्हणजे कधीपासून? 'अ लॉट' म्हणजे किती? जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ ला, त्याच्या आठ महिने आधी नोटबंदी झाली होती. मग माग विकायचं कारण जीएसटीच, हे कशावरून ठरवलंत? समजा तुम्ही ४० विणकरांशी बोललात आणि त्यातल्या २६ जणांनी माग विकल्याचं सांगितलं. मग लिहा: 'ऑफ द फॉर्टी वीव्हर्स इंटरव्ह्यूड इन वडगाव, ट्वेंटी-सिक्स सेड दे हॅड सोल्ड ॲट लीस्ट वन लूम सिन्स जुलै २०१७. मोस्ट ऑफ देम ॲट्रिब्यूटेड धिस टू जीएसटी.' यात एकही शब्द तुम्हाला न येणारा नाही. सगळं काम केलंय 'ॲट्रिब्यूटेड'ने: जीएसटी हे कारण विणकर सांगतायत, तुम्ही नव्हे. ते खरं आहे की नाही हे तुम्ही पुढच्या प्रकरणात तपासा. 'व्हेरी बॅड' तर काढूनच टाका, त्या जागी मजुरीचे आकडे द्या.

सीमाप्रश्नाचा उल्लेख आला की आपल्या लोकांचा हात सुटतो. पानभर विशेषणं! महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, महाराष्ट्राने तो नाकारला, कर्नाटकाने उचलून धरला, २००४ साली महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. एवढं साध्या भूतकाळात, स्रोत देऊन लिहा. दोन्ही बाजूंच्या म्हणण्याला 'कंटेंड्स' किंवा 'मेंटेन्स' लावा; 'प्रूव्ह्ज' आणि 'ऑब्व्हियसली' नको. मत गिळा असं मी म्हणत नाही. पण ते पुराव्यानंतर येऊ दे, म्हणजे परीक्षक धारवाडचा असो की कोल्हापूरचा, त्याला बोट ठेवायला जागा राहत नाही. गावाच्या नावाचंही तसंच. सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, पण १८८४ च्या गॅझेटियरचा संदर्भ देताना मुखपृष्ठावर जे 'बेलगाम' छापलंय तेच ठेवायचं. आपल्या मजकुरात मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच नाव.

'आय' लिहू नये, सगळं कर्मणी प्रयोगात लिहावं, असं जुने सर सांगायचे. एपीए या संशोधन-लेखनाच्या नियमावलीच्या सातव्या आवृत्तीला 'आय' चालतो, आणि 'डेटा वॉज कलेक्टेड' यापेक्षा तो कुणी गोळा केला हे कळलेलं बरं. तरी विभागाने नमुना दिला असेल तर मुकाट्याने तोच पाळा, या मुद्द्यावर गाइडशी भांडण्यात अर्थ नाही. 'डोन्ट', 'कान्ट' सुटं करून लिहायचं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आणि 'मे', 'परहॅप्स', 'पॉसिबली' यांपैकी एका वाक्याला एक पुरे. तिन्ही घातले की लेखक घाबरलाय असं वाटतं.

वाक्याची सुरुवातच सुचत नसेल तर मँचेस्टर विद्यापीठाचा 'अकॅडमिक फ्रेजबँक' बघा. जॉन मॉर्ली यांनी तयार केलाय आणि इंटरनेटवर फुकट वाचता येतो. मर्यादा कशा मांडाव्यात, आधीच्या अभ्यासाशी मतभेद कसा नोंदवावा, याचे तयार सांगाडे त्यात आहेत. सांगाडा घ्या, पण कुणाचे परिच्छेद उचलू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यापुढे चाळीसपर्यंत गेलात तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यावा लागतो. अवतरणचिन्हांत, संदर्भासह दिलेला मजकूर त्यात धरत नाहीत.

राहिल्या मुलाखती. विणकर तुमच्याशी मराठीत, नाही तर कन्नडात बोलणार. त्यांचं बोलणं इंग्रजीत आणताना गुळगुळीत करू नका. माणूस तुटक बोलला असेल तर इंग्रजीही तुटकच ठेवा, औपचारिक शैली तुमच्या वाक्यांसाठी आहे, त्याच्या नव्हे. भाषांतर तुमचं आहे हे पद्धतीच्या प्रकरणात एकदा सांगा, नावांच्या जागी क्रमांक द्या, आणि मूळ बोलणं देवनागरीत किंवा कन्नड लिपीत परिशिष्टात जोडा. विद्यापीठाला लिपी चालते का, हे टायपिंगला देण्याआधी विचारून घ्या.