एकाच रुग्णाची गोष्ट कितपत खरी धरायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाचा पाच महिन्यांचा असल्यापासून इन्सुलिनवर आहे, आता आठ वर्षांचा झालाय. तुम्ही कुठेतरी एक केस वाचलीत. तशाच एका मुलाचं इन्सुलिन सुटलं आणि नुसत्या गोळ्यांवर भागलं. आता तुम्ही विचारताय की एका रुग्णावरून छापलेल्या गोष्टीला काय किंमत, आणि हे भाच्याला सांगायचं की सोडून द्यायचं?

सोडून देऊ नका. पण मी हे का म्हणतोय ते समजून घ्या, कारण अशाच थाटात लिहिलेल्या दहातल्या नऊ गोष्टींना मी उलटं उत्तर दिलं असतं.

मी हार्मोनच्या विकारांचा डॉक्टर आहे. एकट्या केसची ताकद मला कळली ती चाळिशीतल्या एका बाईंमुळे. बाहेर थायरॉईड तपासून आल्या होत्या. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) 0.15 म्हणजे कमी, फ्री टी-फोर (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) वाढलेलं, थायरॉईडला चेतवणाऱ्या अँटिबॉडीही पॉझिटिव्ह. कागदावर ग्रेव्हज आजार, म्हणजे अँटिबॉडींमुळे थायरॉईड गरजेपेक्षा जास्त चालणं, अगदी पुस्तकातल्यासारखा. गोळ्या सुरू करायचं चिठ्ठीवर लिहूनही दिलेलं. मी त्यांना हात पुढे करायला सांगितला आणि पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. हाताला बारीक कंप असेल तर कागदाची कड थरथरते. कागद तसाच पडून. नाडी 72. वजन होतं तिथेच, झोप छान, गळ्याला गाठ नाही.

"आणखी काही औषधं?"

"काहीच नाही हो."

उठता उठता त्यांनी पर्समधून एक बाटली काढली. "ह्या केसांच्या गोळ्या, ह्या चालतील ना?" बायोटिन, 10 मिलिग्रॅम. आपली रोजची गरज साधारण 30 मायक्रोग्रॅम. म्हणजे तीनशे पटीहून जास्त.

केसांच्या गोळ्या बंद केल्या आणि दहा दिवसांनी पुन्हा रक्त घेतलं. टीएसएच 2.1, बाकी सगळं नॉर्मल. थायरॉईडला कधी काही झालंच नव्हतं. गंमत अशी की बऱ्याच लॅबच्या यंत्रांत तपासणीचे तुकडे एकत्र धरायला बायोटिनचाच 'डिंक' वापरतात. रक्तातच बायोटिनचा पूर असला की तो डिंकाची जागा अडवतो आणि यंत्राला मिळणारा सिग्नल पडतो. टीएसएचच्या तपासणीत कमी सिग्नल म्हणजे कमी टीएसएच. टी-फोर आणि त्या अँटिबॉडींच्या तपासणीची रचना मात्र उलटी, तिथे कमी सिग्नल म्हणजे जास्त पातळी. तिन्ही चुका एकाच दिशेला जातात आणि न झालेला आजार हुबेहूब उभा राहतो.

हा घोटाळा आधी सुट्या सुट्या केसेसमधूनच लोकांपुढे आला. मग 2017 साली 6 निरोगी माणसांना रोज 10 मिलिग्रॅम बायोटिन आठवडाभर देऊन, वेगवेगळ्या यंत्रांवर तेच रक्त तपासून, मुद्दाम पडताळा घेतला गेला. फक्त सहा माणसं! पण पुरली, कारण प्रश्न 'किती जणांना होतं' हा नव्हताच. 'असं होऊ शकतं का आणि कसं' हा होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, इशाराही दिला.

आता तुमच्या भाच्याकडे येतो.

स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीला एक झडप असते, पोटॅशियमची. रक्तातली शुगर वाढली की पेशीत ऊर्जा तयार होते, त्या ऊर्जेने झडप मिटते, आणि मिटली की इन्सुलिन बाहेर पडतं. काही बाळांत या झडपेच्या जीनमध्येच बदल असतो. शुगर कितीही वाढो, झडप उघडीच. इन्सुलिन पेशीत तयार असतं, पण बाहेर येत नाही. 2004 साली इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या अँड्र्यू हॅटर्सली आणि अ‍ॅना ग्लॉइन यांच्या गटाने जन्मानंतर लगेच मधुमेह झालेल्या 29 रुग्णांचा हा जीन तपासला. 10 जणांत बदल सापडला. आणि ही झडप बाहेरून मिटवणाऱ्या गोळ्या तर 1950च्या दशकापासून औषधाच्या दुकानांत होत्या! सल्फोनिलयुरिया गटातल्या, म्हणजे ग्लिबेनक्लामाइड वगैरे. 2006 साली असे 49 रुग्ण या गोळ्यांवर आणून पाहिले. 44 जणांचं इन्सुलिन पूर्ण सुटलं, आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी तपासणी) सरासरी 8.1 वरून 12 आठवड्यांत 6.4 वर आलं. यातल्या बऱ्याच जणांना 'टाइप वन', म्हणजे बीटा पेशीच नष्ट होऊन होणारा मधुमेह, समजून वर्षानुवर्षं सुया टोचल्या जात होत्या. पुढे अशा 81 रुग्णांचा दहाएक वर्षं मागोवा घेतला, तेव्हाही 75 जण फक्त गोळ्यांवर होते.

तुम्ही वाचलेली केस या साखळीतली आहे, म्हणून ती एकटी नाही. तिच्या मागे यंत्रणा आहे आणि पुढे पडताळा आहे.

याउलट, 'अमुक चूर्ण घेतलं आणि टाइप वनचं इन्सुलिन निम्म्यावर आलं' ही केसही खोटी नसते बरं का. इन्सुलिन सुरू झालं की उरल्यासुरल्या बीटा पेशींना जरा दम खायला मिळतो, आणि काही महिने इन्सुलिनची गरज आपोआप घटते. आम्ही त्याला 'हनिमून' म्हणतो. त्याच दिवसांत जे काही तोंडात पडेल त्याच्या नावावर श्रेय जमा होतं. हनिमून संपल्यावरचा लेख कोणी लिहीत नाही. म्हणून केस वाचताना मी आधी पाहतो की सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते सांगणारी तपासणी) मोजलं होतं का, औषध थांबवून पुन्हा पाहिलं होतं का, आणि तीच तपासणी दुसऱ्या पद्धतीने केली होती का. यातलं काही नसेल तर पान उलटतो.

भाच्यासाठी वय हा सगळ्यात मोठा धागा आहे. सहा महिन्यांच्या आत मधुमेह झाला तर तो नेहमीचा टाइप वन असण्याची शक्यता फार कमी. अशा प्रत्येकाची जीन तपासणी व्हायला हवी, आज वय काहीही असो. निदानाच्या वेळचे कागद शोधा. त्यावर तारीख असेल, कदाचित टाइप वनच्या अँटिबॉडीचा रिपोर्टही. ते घेऊन मुलांच्या हार्मोन तज्ज्ञांना भेटा आणि सरळ विचारा, "नवजात मधुमेहाच्या जीन्स तपासल्यात का?"

तपासणीचं उत्तर तुमच्या मनासारखं येईलच असं नाही. खुद्द इन्सुलिनच्याच जीनमध्ये दोष निघाला तर या गोळ्यांचा उपयोग नाही, सुया चालूच राहतील. आणि उत्तर हवं तसं आलं तरी घरी एक युनिटही कमी करू नका. हा बदल डॉक्टरांच्या नजरेखाली, शुगर वारंवार बघत, गोळी हळूहळू वाढवत आणि इन्सुलिन हळूहळू उतरवत करायचा असतो. मुलाला सांगायचं असेल तर एवढंच सांगा की अजून एकदा रक्त द्यायचंय. सुया सुटतील हे तोवर त्याच्या कानावर पडू देऊ नका.