‘कोस्टवॉचर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांवरच्या दुसऱ्या महायुद्धाबद्दल लिहिताना ‘कोस्टवॉचर’साठी ‘तटरक्षक’ चालेल का, असा एका वाचकाचा प्रश्न आहे.

माझ्या मते नाही. तटरक्षक म्हटले की गस्तीनौका आणि तटरक्षक दल आठवते. या माणसांचे काम वेगळे होते: जपानी ताब्यातल्या बेटांवर रानात दडून बसायचे, जहाजे-विमाने टिपायची आणि रेडिओवरून कळवायचे. ऑस्ट्रेलियन नौदलाच्या एरिक फेल्ट यांनी या मोहिमेला ‘फर्डिनांड’ हे सांकेतिक नाव दिले, ते गोष्टीतल्या झुंज न घेता झाडाखाली फुले हुंगत बसणाऱ्या बैलावरून. लढणे हे त्यांचे काम नव्हे, हे त्या नावातच सांगितले होते.

‘हेर’ तर नकोच. यातले बरेचजण मूळचे मळेवाले किंवा सरकारी अधिकारी. शत्रूच्या हाती पडल्यास हेर म्हणून मारले जाऊ नयेत, यासाठीच त्यांना नौदलाचे हुद्दे दिले गेले. हा धोका खरा होता: ऑक्टोबर १९४२ मध्ये तारावा बेटावर न्यूझीलंडच्या १७ कोस्टवॉचरांचा जपान्यांनी शिरच्छेद केला. ‘जागल्या’ हा फार सुंदर शब्द, पण वर्तमानपत्रांनी तो गैरव्यवहार उघड करणाऱ्यासाठी वापरात आणला आहे.

मी ‘किनारी टेहळ्या’ म्हणेन. टेहळणीचा बुरूज आपल्याला गडकिल्ल्यांमुळे ओळखीचा आहे. लांबवर नजर ठेवणे आणि वर्दी देणे, दोन्ही त्यात येते.

मात्र हा शब्द फक्त गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवू नका. त्यांचा रेडिओसंच डोंगरातून हलवायला बारा-सोळा बेटवासी लागत. ऑगस्ट १९४३ मध्ये जपानी विनाशिकेने अमेरिकेची पीटी-१०९ ही नौका चिरली, तेव्हा कोलोंबांगारा बेटावरचे टेहळे रेजिनाल्ड इव्हान्स यांनी शोधासाठी पाठवलेले बिउकू गासा आणि एरोनी कुमाना या बेटवासींनाच वाचलेले ११ जण सापडले. नौकेचे कप्तान जॉन केनेडी यांनी नारळावर चाकूने निरोप कोरला. तो घेऊन या दोघांनी डोणीतून, शत्रूच्या पाण्यातून वल्हवत रेंडोव्हाचा अमेरिकी तळ गाठला. पकडले गेले असते तर त्यांना वाचवणारा कोणताही हुद्दा त्यांच्याकडे नव्हता. केनेडी पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, तो नारळ त्यांच्या टेबलावर असे. गासा आणि कुमाना यांना मात्र अजूनही ‘स्थानिक मदतनीस’ म्हणून एका ओळीत उरकले जाते. तेही टेहळेच होते, तसेच लिहावे.