हळू चालणारा पुढे

पुणे, रविवार रात्र

सप्रेम आशीर्वाद.

अंदमानच्या सहलीचा तू पाठवलेला तक्ता दोनदा वाचला. सात जणं, सहा दिवस, डिसेंबर. सेल्युलर जेल, हॅवलॉक आणि नील ही बेटं, बाराटांग, स्कूबा, रात्रीचं कयाकिंग, सगळं तासातासानं बसवलंयस. काय राहिलंय ते सांगा, असं तू विचारलंस. ठिकाणं सगळी आली आहेत. पण त्या सात जणांपैकी कोणाला पोहता येतं, कोणाला बोट लागते आणि कोणाला किती खर्च झेपतो, याचा तक्त्यात कुठेच पत्ता नाही.

पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही पाच मित्र गेलो होतो. एलिफंट बीचवर प्रवाळ बघायला चौघं पाण्यात उतरलो. पाचवा म्हणाला, "मला भीती वाटते पाण्याची, तुम्ही या जाऊन." दीड तास तो झाडाखाली आमच्या चपला राखत बसला. आम्ही बाहेर आलो तेव्हा चौघांची घड्याळं त्यानं टॉवेलच्या टोकाला गाठ मारून ठेवली होती, आणि बोटीच्या तिकिटाच्या पाठीमागे बारीक अक्षरात काहीतरी लिहीत होता. भित्रा म्हणून आम्ही त्याला दिवसभर चिडवलं. पुढे उन्हाळ्यात त्याच्या गावी गेलो, तेव्हा मळ्यातली विहीर दाखवताना त्याची आई सहज बोलून गेली, "हा दहा वर्षांचा असल्यापासून इथं काठावरून सूर मारतो." तिकिटामागे तो काय लिहीत होता, ते मला त्या विहिरीपाशी कळलं. बहिणीच्या कॉलेजची फी भरून जे उरलं, तेवढ्यावर तो आला होता. आम्ही सगळं टीटीएमएम ठेवलं होतं आणि ते फार सरळ, न्याय्य आहे असं समजत होतो. त्याला ना कोणी विचारलं, ना त्याला सांगता आलं. मला त्याची अजून लाज वाटते.

आतकरवाडीतून सिंहगड चढताना तुम्हा मुलांना पहिल्याच दिवशी काय सांगितलं होतं, आठवतं? सगळ्यात हळू चालतो त्याला पुढे ठेवायचं, त्याच्या चालीनं सगळ्यांनी चढायचं, आणि ताकदीचा माणूस शेवटी. समुद्रावरही तसंच कर. पैशाची चाल सगळ्यात बारीक खिशाची, पाण्यातली चाल सगळ्यात कच्च्या पोहणाऱ्याची.

पैशाचं ग्रुपवर विचारू नकोस. सहा जणांनी आकडा टाकला की सातवा 'डन' म्हणणारच. एकेकाला फोन कर, नाहीतर चहाला भेट. आधी तुझा स्वतःचा आकडा सांग आणि मग विचार, "तुला किती जमेल?" त्यातल्या सगळ्यात लहान आकड्यात विमान, बोटी, राहणं आणि जेवण बसलं पाहिजे. कोणाचा आकडा लहान होता हे तुझ्याशिवाय कोणाला कळता कामा नये. रोजच्या खर्चासाठी पहिल्याच दिवशी सारखी कॉन्ट्री काढा, पाकीट एकाच्या हातात द्या आणि रिक्षा, नारळपाणी, जेवण सगळं त्यातून. स्कूबासारखी महागडी गोष्ट त्याबाहेर ठेव, आणि ज्या वेळी काहीजण स्कूबाला जातील त्याच वेळी बाकीच्यांसाठीही काहीतरी खरोखर चांगलं ठरव. काला पत्थरचा किनारा आहे, सायकली मिळतात. चपला राखायला कोणी मागे राहू नये. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल 2020 मध्ये सुरू झाली, तरी बेटांवर नेट केव्हा दगा देईल सांगता येत नाही, म्हणून थोडी रोख बरोबर असू दे.

आता पाण्याचं, आणि हे मी काकुळतीनं लिहितोय. 2016 च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेली पुण्याची 14 कॉलेजची मुलं बुडाली. आपल्याकडची मुलं तलावात पोहायला शिकतात आणि समुद्रालाही तलावच समजतात. पाण्याला ओढ असते. ती आत नेऊ लागली तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, दमून माणूस तिथंच संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडायचं आणि मग वळायचं. हे सातही जणांना निघण्याआधी तोंडी सांग. दारू प्यायलेला कोणीही पाण्यात उतरणार नाही, हा नियम तू आत्ताच, पुण्यातच कर. तिथल्या खाड्यांमध्ये मगरी आहेत. 2010 मध्ये हॅवलॉकवरच्या राधानगर किनाऱ्याजवळ एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला. त्यामुळे मगरीची पाटी किंवा जाळी दिसली की तिच्या पलीकडे कोणी जायचं नाही. ज्यांना पोहता येत नाही त्यांना उद्यापासून टिळक तलावावर घेऊन जा. डिसेंबरपर्यंत निदान पाण्यावर तरंगायला आणि श्वास सांभाळायला येईल.

स्कूबा तू शेवटच्या दिवशी ठेवलंयस, ते आधी हलव. खोल पाण्यात श्वास घेताना नायट्रोजन रक्तात विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधी विमानात बसलं तर कमी दाबामुळे त्याचे अंगात बुडबुडे होतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. मध्ये पूर्ण दिवस जाऊ दे. सर्दी झालेल्यानं त्या दिवशी उतरूच नये, कानाचे पडदे दुखावतात. पैसे भरलेत म्हणून कोणी हट्ट करेल, तेव्हा तू ठाम राहा.

तुझ्या वेळाही पुण्याच्या आहेत. घड्याळ तेच, पण अंदमान आपल्या किती पूर्वेला आहे बघ. डिसेंबरात आपल्याकडे सहाला सूर्य मावळतो, तिकडे पाचला. राधानगरला साडेपाचचा सूर्यास्त लिहिलायस, पोचाल तेव्हा अंधार पडू लागलेला असेल. उलट सकाळी साडेपाचलाच उजाडतं. नीलवरचा लक्ष्मणपूरचा निसर्गानंच घडवलेला दगडी पूल ओहोटीलाच गाठता येतो, आणि ओहोटी रोज साधारण पाऊण तासानं पुढे सरकते. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, पण ते गणित तिथल्या समुद्राला लावू नकोस, त्या तारखेचं तिथलं वेळापत्रक बघ. रात्रीच्या कयाकिंगला वल्ह्याबरोबर चमकणारं पाणी बघायचं असेल तर अमावास्येच्या जवळपासची रात्र घे, पौर्णिमेच्या चांदण्यात ते फारसं दिसत नाही.

बाराटांगचा दिवस काढून टाक, असं मी अगदी मनापासून सांगतो. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. फोटो काढायला बंदी आहे, गाड्या ताफ्यानं सोडतात, हे सगळं खरं. तरी पर्यटकांच्या गाड्यांच्या काचांमधून त्यांच्या घरात डोकावलं जातंच. चुनखडीच्या गुहा बघण्यासाठी ते करू नये. तो वाचलेला दिवस परतीच्या विमानाच्या आदला म्हणून पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमला, रिकामा ठेव. 2016 च्या डिसेंबरात वादळामुळे बोटी बंद झाल्या आणि हजाराहून जास्त पर्यटक हॅवलॉक-नीलवर अडकले, नौदलाला जहाजं पाठवावी लागली. हॅवलॉकहून सकाळची बोट आणि दुपारचं विमान अशी जी जोडी तू लावलीयस, तिच्यात अशा दिवशी काहीच हाती राहत नाही.

शंख, शिंपले, प्रवाळाचा तुकडा बॅगेत घालू नका. प्रवाळाला कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. पाण्यातही त्यावर पाय ठेवू नका, तो दगड दिसला तरी जिवंत असतो.

सेल्युलर जेलला तू एक तास दिलायस. निदान अर्धा दिवस दे. सात बाहूंची इमारत होती, आता तीन उरलेत. एका बाहूच्या कोठड्यांचं तोंड दुसऱ्याच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर माणूस दिसूच नये. फर्ग्युसनच्या वसतिगृहात राहिलेले सावरकर 1911 ते 1921 तिथं होते. सख्खे भाऊ बाबाराव त्याच तुरुंगात, तरी बराच काळ एकमेकांना भेटणं नाही. कोलूला, म्हणजे तेलाच्या घाण्याला, जुंपलं की दिवसाला 30 पौंड तेल काढावं लागे. तो कोलू बघा, मग वरच्या मजल्यावर जा, एकेका कोठडीत एकेकटे पाच मिनिटं उभे राहा, आणि बाहेर येऊन सातही जण व्हरांड्यात काही न बोलता एकत्र बसा. फोटो नंतर काढा.

सात जणांत एकजण अजून 'बघतो, सांगतो' म्हणतोय, असं तू लिहिलंयस. तिकिटाचे दर वाढायच्या आत बाकी सहा बुक करून टाकू, असंही. थांब. चार दिवसांनी दर वाढले तर वाढू देत. उद्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर त्याच्याकडे जा, एकटीच जा, आणि विचार.

तुझा,
काका