हरवलेल्याच्या सोबत्यांना काय विचारावे?

प्रश्न : हरिश्चंद्रगडावर कोणी हरवले, तर सोबत्यांकडून माहिती कशी घ्यावी?

उत्तर : आधी सगळ्यांना वेगवेगळे बसवा, एकत्र बसले की एकाची आठवण दुसऱ्याच्या तोंडी येते. सुरुवातीला मध्ये न बोलता ऐका. ‘लाल जॅकेट होते ना?’ नको, ‘अंगात काय होते?’ असे विचारा. शेवटचे कुठे, किती वाजता दिसले, तोंड कुठल्या दिशेला होते? वेळ आठवत नसेल तर मोबाइलमधल्या फोटोंची वेळ पाहा. खिरेश्वरहून चढले की पाचनईहून, हे नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा. हरवलेल्याच्या बुटाच्या तळव्याची नक्षी, औषधे, पाणी, टॉर्च यांबद्दल विचारायला विसरू नका. ‘पाहिले’ आणि ‘वाटले’ वेगळे लिहा. आणि कुणालाही दोष देऊ नका. घाबरलेला मित्र भांडण लपवतो, रुसून गेलेल्याची वाट मात्र त्या भांडणातच सापडू शकते. तासाभराने पुन्हा विचारा.